सभागृहाविना घेतलेले निर्णय

वर्सोव्याच्या खाडीत तिवरांच्या मुळांशी कोलंबी आणि चिंबोऱ्या वाढतात. किनाऱ्यावर वलांडीवर बोंबील वाळतात. याच वर्सोव्यापासून भाईंदरकडे निघणाऱ्या सागरी मार्गासाठी कांदळवनाची ४५ हजारांहून अधिक झाडे तोडण्यास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. रस्ता हवा की नको, यावर दुमत असू शकते. पण त्याची कंत्राटे ज्या काळात निघाली, त्या काळात मुंबईत एकही नगरसेवक पदावर नव्हता. आमचा आक्षेप त्याला आहे.

महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि मतदान झाले थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे संविधानाचा अनुच्छेद २४३-यू सांगतो. २००६ साली किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही तेच बजावले होते. तरीही प्रभाग २२७ की २३६ आणि ओबीसी आरक्षणाचे काय, या घोळात वर्षे गेली.

आयुक्तांच्या सचोटीवर आम्हाला शंका घ्यायची नाही. पण १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने आयुक्त, स्थायी समिती आणि सभागृह यांत वाटलेले अधिकार एकाच खुर्चीत गोळा झाले. २०२५-२६ चा ७४,४२७ कोटींचा अर्थसंकल्प प्रशासनानेच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. स्थायी समिती काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हे मान्य. पण तिथे विरोधक असत, प्रस्ताव अडवला जाई, का अडवला ते दुसऱ्या दिवशी छापून येई. तिवरे तुटली तर जाळे कुठे टाकायचे, हे वर्सोव्याच्या कोळ्याने प्रशासकाच्या काळात कोणत्या सभागृहात विचारायचे होते?

संविधानाच्या कलमांना हात न लावता, केवळ राज्यकारभाराची पद्धत बदलून त्याचा आत्मा मारता येतो, असा इशारा डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत दिला होता. मुंबईत कायदा जागच्या जागी राहिला, सभागृह तेवढे रिकामे होते.

आता नगरसेवक निवडून आले आहेत. प्रशासकाच्या काळातील प्रत्येक मोठे कंत्राट, त्याच्या वाढीव खर्चासह, सभागृहापुढे यावे आणि वर्सोव्याच्या कामापासून सुरुवात व्हावी. विधिमंडळाने कायदा दुरुस्त करून प्रशासकाला सहा महिन्यांची मर्यादा घालावी. त्या मुदतीत त्याने अत्यावश्यक सेवांपलीकडे नवी दीर्घकालीन देणी शहराच्या माथी मारू नयेत.