कागद जपाल तर इतिहास वाचेल

कचेरीतला एक साधा नियम आहे. खर्च कितीही खरा असो, त्याचे व्हाउचर फाईलला लावलेले नसेल तर ऑडिटवाला तो मान्य करीत नाही. 'साहेब, खर्च झाला हो, सगळ्यांनी पाहिला' असे सांगून भागत नाही. इतिहासाचे ऑडिटही असेच असते. आपल्या पूर्वजांनी काय सोसले, कुठे लढले, कोणत्या मागण्या केल्या हे आपण जयंतीच्या सभेत तासन्‌तास सांगतो. पण कोणी पुरावा मागितला की बहुतेक घरांची फाईल कोरी निघते. म्हणून आज ज्यांनी ही फाईल कोरी राहू दिली नाही, अशा माणसांविषयी लिहायचे आहे.

सुरुवात जरा लांबून करतो. इंग्लंडात सँडहर्स्ट येथे लष्करी अधिकारी तयार करणारे मोठे विद्यालय आहे. तेथे जॉन कीगन नावाचे इतिहासाचे अध्यापक १९६० पासून २६ वर्षे शिकवीत होते. लहानपणी हाडांच्या क्षयामुळे त्यांना कित्येक वर्षे रुग्णालयात काढावी लागली आणि पाय कायमचा अधू झाला. सैन्यात भरती होणे शक्यच नव्हते. ज्यांना पुढे लढाईवर जायचे त्या तरुणांना लढाई शिकवायची आणि आपण मात्र एकही लढाई पाहिलेली नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली. त्यातून १९७६ साली त्यांचा 'द फेस ऑफ बॅटल' हा ग्रंथ निघाला. तोपर्यंत लढायांचे इतिहास बहुतेक सेनापतींचे असत. कीगन यांनी विचारले की, रांगेत उभ्या असलेल्या साध्या शिपायाचे काय? त्याला धुरात काय दिसले? तो पळून का गेला नाही? जखमी झाल्यावर त्याला कोणी उचलले? १४१५, १८१५ आणि १९१६ या सालांतील तीन लढाया घेऊन त्यांनी याची उत्तरे शोधली. २०१२ साली ते वारले, पण त्यांनी विचारलेला प्रश्न मागे राहिला आहे.

वाचकहो, हाच प्रश्न आपण भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे उभे राहून विचारू या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे त्या दगडावर कोरली आहेत. त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती आपल्या पूर्वजांची नावे. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले आणि त्या दगडाला समाजाच्या मनात जागा मिळाली. पण त्या २२ जणांविषयी आपल्याला आणखी काय माहीत आहे? त्यांची गावे कोणती, घरी कोण वाट पाहत होते, त्यांच्या बायकांना पुढे कोणी सांभाळले? दगडाने नावे जपली. बाकीचे कागदावर यायला हवे होते. पण ज्यांना शतकानुशतके अक्षर शिकू दिले नाही त्यांचा कागद कुठून असणार?

अक्षर मिळाले ते सैन्यातच. कंपनीच्या पलटणींत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना उभे करीत नसत त्यांची लेकरे छावणीच्या शाळेत पाटी घेऊन बसत. मुलीसुद्धा! बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ याच वाटेने पुढे आले. पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे १४ वर्षे ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब जन्मले ते या हेडमास्तरांच्या घरी. त्यांचे आजोळही लष्करी पेशातले. घरात पुस्तक होते, शिस्त होती, पहाटे उठून वाचायला लावणारा बाप होता. बाबासाहेबांची विद्वत्ता आभाळातून पडली नाही. तिची पहिली पाटी छावणीच्या शाळेतली आहे.

आणि नेमके हेच दार बंद झाले. १८५७ नंतर इंग्रजांचे धोरण बदलत गेले. काही जाती 'लढवय्या' आणि काही 'बिगर लढवय्या' अशी वाटणी झाली आणि १८९० नंतरच्या दोनतीन वर्षांत महारांची सैन्यभरती थांबली. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. त्यात पगार आणि पेन्शन तर गेलेच, पण पुढच्या पिढीची शाळाही गेली.

या अन्यायाविरुद्ध ज्यांनी प्रथम लेखणी उचलली ते महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर. १८८६ साली ते सैन्यातून निवृत्त झाले. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली. वृत्तपत्रांतून अस्पृश्यतेवर लिहिले, दापोलीस 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' स्थापन केली आणि १८९४ साली सैन्यभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून मराठीत एक लांबलचक विनंतिपत्र तयार केले. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९०४ आणि १९१० साली सरकारकडे असेच अर्ज धाडले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ साली ती मोडली गेली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर असताना, १९४१ साली बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली आणि ती आजही देशाच्या सीमेवर उभी आहे. १८९४ च्या त्या विनंतिपत्रापासून १९४१ पर्यंत ४७ वर्षे होतात. कागदावर मागणी मांडून चिकाटीने तिचा पाठपुरावा करणे म्हणजे काय, ते यावरून समजावे.

आता प्रश्न असा की, गोपाळबाबांचे ते हस्तलिखित आज आपल्याला माहीत कसे? त्याचे उत्तर चांगदेव भवानराव खैरमोडे या नावात आहे.

खैरमोडे मूळचे सातारा जिल्ह्यातील पाचवडचे, जन्म १९०४ चा. ना सरदार, ना जमीनदार, ना विद्यापीठातले मोठे प्राध्यापक. मुंबईच्या सचिवालयात नोकरी करणारा हा माणूस. विद्यार्थिदशेपासून ते बाबासाहेबांच्या सहवासात आले आणि तेव्हापासून त्यांनी एक व्रत घेतले. बाबासाहेबांशी आणि चळवळीशी संबंधित जो कागद हाती लागेल तो फेकायचा नाही. पत्र असो, हस्तपत्रक असो, वर्तमानपत्राचे कात्रण असो की जुन्या माणसाने सांगितलेली आठवण असो, सारे टिपून ठेवायचे. १९५२ साली, बाबासाहेब हयात असतानाच, त्यांच्या 'डॉ. भीमराव रामजी आंबेडकर' या चरित्राचा पहिला खंड निघाला आणि पुढे खंडामागून खंड येत गेले. 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा बाबासाहेबांचा ग्रंथ मराठीत आणणारेही तेच. १९७१ साली ते गेले तेव्हा काम पुरे छापून झालेले नव्हते. त्यांच्या पत्नी द्वारकाबाई यांनी पुढचे खंड प्रसिद्ध व्हावेत म्हणून खटपट केली. आमच्या भगिनींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. नवऱ्याच्या मागे राहिलेले गठ्ठे रद्दीत घालणे सोपे असते, ते सांभाळून छापखान्यापर्यंत नेणे सोपे नसते.

गोपाळबाबांचे ते विनंतिपत्र खैरमोडे यांच्या संग्रहात होते आणि तो संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. म्हणून जगाला ते वाचता आले. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषींनी बाबासाहेब आणि महार चळवळ या विषयावर १९६९ साली डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी स्टीफन कोहेन या अमेरिकन अभ्यासकाचा अस्पृश्य सैनिक, जात आणि भारतीय सैन्य यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. परदेशातले विद्वान आपल्या सैनिकांचा इतिहास लिहू लागले तेव्हा त्यांना आपल्याच माणसांनी जपलेल्या कागदांकडे यावे लागले. नोकरी सांभाळून, घरखर्चाची ओढाताण सोसून गठ्ठे बांधणारा माणूस नसता, तर आपली बाजू मांडायला मोठमोठ्या विद्यापीठांतही व्हाउचर मिळाले नसते.

आता आपल्या बिडकीनकडे येऊ. आपला हा भाग निजामाच्या राज्यातला. कोकणासारखे पेन्शनर सुभेदार आपल्याकडे गल्लोगल्ली नव्हते. पण म्हणून आपल्या पेट्या रिकाम्या आहेत असे नाही. कोणाच्या घरी महारकीच्या वतनाचा उर्दू कागद आहे. कोणाचे आजोबा ३० डिसेंबर १९३८ च्या कन्नडजवळील मक्रणपूर परिषदेला बैलगाडीने गेले होते. कोणी १९५० साली सुरू झालेल्या बाबासाहेबांच्या कॉलेजात, म्हणजे आजच्या मिलिंदमध्ये, पहिल्या वर्षांत नाव घातले. कोणी नामांतराच्या लढ्यात तुरुंगात गेले, घर जळाले, तरी १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत मागे हटले नाहीत. आणि कोणाचा मुलगा वा नातू महार रेजिमेंटच्या सागर येथील केंद्रातून शिकून सीमेवर गेला. या प्रत्येकाचा काही ना काही कागद असतो. दाखला, पावती, पोस्टकार्ड, सुटकेचा हुकूम, डिस्चार्ज बुक, पेन्शनचे पुस्तक.

हे कागद दोन वेळा हमखास नाहीसे होतात. पहिली वेळ जयंतीच्या आधीची. घराला रंग द्यायचा म्हणून माळ्यावरची पेटी खाली येते आणि पिवळे पडलेले कागद भंगारवाल्याच्या पोत्यात जातात. दुसरी वेळ घर बदलण्याची. आपल्या शिवारातील हजारो एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी गेली. मोबदला आला, मातीची घरे पाडून स्लॅबची घरे उभी राहिली. चांगलेच झाले. पण जुन्या घराच्या फळीवरचे गाठोडे नव्या घरात कितीजणांनी नेले? सातबारा नीट जपला, कारण त्याचे पैसे येतात. आजोबांचे पत्र गेले, कारण त्याला भाव नव्हता.

पदकांचे तर विचारूच नका. पहिल्या महायुद्धातील चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे ते पदक नुसती चांदी नसून त्या माणसाचा पुरावा असतो. अडचणीच्या वेळी असे पदक सोनाराच्या काट्यावर जाते, वजनाने विकले जाते आणि वितळते. त्याबरोबर एक माणूस इतिहासातून पुसला जातो. गरिबीला दोष कोण देणार? पण मोडायची वेळ आलीच, तर निदान कडेवरची अक्षरे आधी उतरून घ्यावीत.

काय करावे, ते थोडक्यात सांगतो. पैसा लागत नाही, फक्त एक रविवार लागतो.

घरातील जुने कागद एकदा बाहेर काढून सावलीत पसरा. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन मुळीच करू नका, त्याने कागद कायमचा बिघडतो. प्रत्येक कागदाचे मोबाईलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागची बाजू सोडू नका, कित्येकदा तारीख आणि सही तेथेच असते. एका वहीत लिहा: कागद कोणाचा, आपले नाते काय, गाव कोणते, साल कोणते. उर्दू वा मोडी वाचता येत नसेल म्हणून कागद टाकू नका, वाचणारा आज ना उद्या भेटेल. अस्सल प्रत कोणालाही देऊ नका, कितीही मोठा माणूस मागो. त्याला झेरॉक्स द्यावी. आणि एक झेरॉक्स आपल्या बुद्धविहारात ठेवावी. विहाराच्या कपाटात देणगीचे पावतीपुस्तक असते, तशी गावच्या माणसांची एक फाईलही असू द्या. मंडळाच्या पोरांनी डीजेच्या वर्गणीबरोबर या फाईलचाही विचार करावा.

शेवटचे आणि सर्वांत घाईचे. कागद तरी चार वर्षे थांबेल, माणूस थांबत नाही. घरातील म्हाताऱ्या आजीला, मावशीला विचारा: धर्मांतराच्या वेळी आपल्या घरात काय झाले? देव्हारा कोणी काढला? नामांतराच्या वेळी तुम्ही कुठे होता, लेकरे कुठे लपवली? त्यांच्याच बोलीत, त्या बोलतील तसे टिपून घ्या. शिकलेल्या सुनेने आणि कॉलेजात जाणाऱ्या नातीने हे काम उचलावे. सँडहर्स्टच्या अध्यापकाने साध्या शिपायाविषयी विचारलेला प्रश्न आपल्या घरातल्या साध्या बाईला विचारला, तर असा इतिहास हाती येईल, जो कोणत्याही विद्यापीठाकडे नाही.

गोपाळबाबांनी लिहिले आणि खैरमोड्यांनी जपले, म्हणून आज आपण मान वर करून दाखला देऊ शकतो. आपल्या गावाचा दाखला मात्र आपल्यालाच तयार करावा लागेल. पुढच्या १४ एप्रिलला घर रंगवण्याआधी माळ्यावरची पेटी एकदा उघडा. त्यात काय निघाले ते या सदराकडे कळवा. आपण ते सर्व समाजापुढे ठेवू.

जय भीम!