तिवीमला उतरा, महाराष्ट्रात जा!

‘किती वाजता पोचणार?’ प्रवासाबद्दल आपण विचारतो तो पहिला प्रश्न हा. आणि बऱ्याचदा शेवटचाही! मधे काय दिसलं, कोण भेटलं, काय खाल्लं याची चौकशीच बंद झालीय. बॉसला डेडलाइन, घरच्यांना ईटीए. आपण माणसं आहोत की कुरिअर?

म्हणून या आठवड्यात ट्रेनबद्दल. आणि तेही दोडामार्गच्या निमित्तानं, जिथे ट्रेन जातच नाही.

नकाशा काढा. सिंधुदुर्गाचं खालचं टोक, तिलारीचं खोरं, पलीकडे गोवा. १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा झालेला हा तालुका. इथल्या माणसाचं ‘आपलं’ स्टेशन म्हणजे सावंतवाडी रोड, आणि तेही सावंतवाडीत नाही, मळगावात! तिथून बांद्यावरून एसटीनं दोडामार्ग. नाहीतर सरळ गोव्यात तिवीमला उतरायचं आणि अस्नोड्यावरून वर यायचं. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-मडगाव ‘वंदे भारत’ कणकवलीनंतर थांबते ती थेट तिवीमला. म्हणजे महाराष्ट्रातल्या घरी जायला आधी महाराष्ट्र सोडायचा, मग परत आत शिरायचं. पासपोर्ट लागत नाही एवढंच!

आता परदेश. माझा दोडामार्गचा एक मित्र ऑनसाइटवर झुरिकला आहे. मध्यंतरी त्यानं ग्लेशियर एक्सप्रेस केली. सेंट मॉरिट्झ ते झरमॅट, आठेक तास. स्वतःला अभिमानानं ‘जगातली सगळ्यात स्लो एक्सप्रेस’ म्हणवणारी ही गाडी. ९१ बोगदे, २९१ पूल. लोक जगभरातून येतात, महागडं तिकीट काढतात, कशासाठी? तर हळू जाण्यासाठी! आपल्याकडे हेच फुकट मिळतं तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो.

त्याचे फोटो बघून मी जरा हिशेब मांडला. त्या मार्गावरचा फेमस लांडवासर पूल ६५ मीटर उंच. रत्नागिरीजवळचा आपला पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर! तिथला आल्बुला बोगदा सहा किलोमीटरला थोडा कमी, आपला करबुडे साडेसहा किलोमीटर. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटर, सुमारे दोन हजार पूल आणि नव्वदहून जास्त बोगदे. लांडवासर पूल २००८ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पानवलच्या पुलावर आपण काय करतो? मोबाइलला रेंज आली का ते बघतो.

मित्राला विचारलं, कशी होती गाडी? म्हणाला, ‘‘गाडी झकास आसा गो. पण आठ तासांत एकानय विचारूक नाय, तुमी खंयचे?’’

इथेच आपली गाडी जिंकते. तिथे काचा प्रचंड, पण उघडत नाहीत. आपल्या स्लीपरची खिडकी उघडते. बोगद्यात शिरताच सगळा डबा ओरडतो, बाहेर पडताच ओल्या मातीचा वास थेट आत. समोरच्या काकू चिपळूण यायच्या आत तुमचं गाव, आडनाव, पगार आणि लग्नाचं स्टेटस काढून घेतात. बदल्यात खोबऱ्याची वडी देतात. फेअर डील!

खाण्याच्या बाबतीत मात्र जपानला मानलं. तिथे ‘एकिबेन’ नावाचा प्रकार असतो, स्टेशनवर मिळणारा जेवणाचा डबा. प्रत्येक भागाची चव वेगळी, काही डब्यांसाठी लोक मुद्दाम त्या स्टेशनला जातात. आपल्याकडे मांडवी एक्सप्रेसची पँट्री खवय्यांत लोकप्रिय आहेच. पण कुडाळला मालवणी डबा आणि सावंतवाडीला काजूची उसळ पॅक करून मिळाली तर? कोणीतरी उद्योजक ऐकतोय का?

एक गैरसमज आधीच दूर करते. कोकण रेल्वेतून समुद्र दिसेल म्हणून उजवी खिडकी पकडाल तर निराश व्हाल. मार्ग आतून जातो. दिसतात त्या खाड्या, नद्या, भाताची खाचरं आणि मुंबईहून जाताना डावीकडे सह्याद्री. पावसाळ्यात त्यावरून उतरणारे धबधबे. डावी खिडकी घ्या.

आणि पावसाळ्यात गाडी हळू चालते म्हणून चिडू नका. त्यामागे कारण आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर दरड आली, कारवारहून मुंबईला निघालेली गाडी घसरली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, जून २००४ मध्ये मत्स्यगंधाला अपघात झाला. आज पावसाळ्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, वेग मुद्दाम कमी ठेवतात, रुळांवर गस्त असते. भर पावसात कंदील किंवा टॉर्च घेऊन चालणारा तो माणूस खिडकीतून दिसला तर हात करा. तुमचा एक तास त्याच्यामुळे ‘वाया’ जातो, आणि तुम्ही घरी पोचता.

हा मार्ग उभा करतानाही माणसं गेली. मडुरे आणि पेडणे यांच्यामधला बोगदा मऊ, पाणी धरणाऱ्या मातीतून काढावा लागला. खणलं की माती पुन्हा आत. त्यानं इंजिनिअरांना सगळ्यात जास्त रडवलं. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मुंबईतल्या चाकरमान्यासाठी गाव एका रात्रीवर आलं. त्याआधी एसटीत रात्रभर हाडं खिळखिळी करून घ्यायची, म्हणून वर्षातून दोनदाच, गणपती आणि मे महिना.

आता जानेवारी २०२३ पासून मोपाला विमानं उतरतात. दोडामार्गहून विमानतळ जवळ. सुपर सोय! घरी कोणी आजारी असेल तर एक सेकंद विचार करू नका, विमान पकडा. पण आमच्या ग्रुपमध्ये एक गंमत झालीय. विमान आलं तशा ‘धावत्या भेटी’ वाढल्या. शनिवारी दुपारी पोचायचं, रविवारी दुपारी बॅग भरायची. तिकडे आई दोन दिवस आधीपासून आंबोळीचं पीठ दळून आणते, बाबा बाजारातून मासे आणतात, आणि आपण ‘चेक-इनला उशीर होतोय’ म्हणत अर्ध्या जेवणावरून उठतो. आईबाबा तक्रार करत नाहीत. पुढच्या वेळी पीठ थोडं कमी दळतात.

त्यापेक्षा हे गणित बघा. शुक्रवारी ऑफिस उरकून रात्री कोकणकन्या. झोपा. शनिवारी सकाळी सावंतवाडी. रविवारी रात्रीचं जेवण जरा लवकर उरकून परतीची गाडी, सोमवारी पहाटे मुंबई. सुट्टी खर्च शून्य, घरी जवळजवळ दोन अख्खे दिवस. जागं राहून बघायचं असेल तर येताना किंवा जाताना एकदा दिवसाची मांडवी. मध्यरात्री दादरहून सुटणारी, केशवसुतांच्या कवितेचं नाव मिरवणारी तुतारी सावंतवाडीलाच संपते, त्यामुळे झोपेत स्टेशन चुकण्याची भीती नाही! रिझर्वेशन मात्र नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. गणपतीची तारीख आत्ताच कॅलेंडरवर टाका, अलार्म लावा. ती तिकिटं मिनिटांत उडतात.

स्वित्झर्लंड कुठे पळून जात नाही, बोनस मिळाला की जाऊच. तोवर लॅपटॉप बंद, डावी खिडकी चालू. आणि निघताना घरी फोन करा, पीठ जास्त दळायला सांगा.