‘नजर बसेल’ म्हणत थांबू नका

तीन महिन्यांच्या बाळाची नजर आईच्या चेहऱ्यावर ठरत नाही, बुबुळे सारखी हलतात, मूठ पुन्हा पुन्हा डोळ्यांत खुपसली जाते. घरचे म्हणतात, ‘बसेल नजर हळूहळू.’ ही लक्षणे ‘लेबर कंजेनिटल अमॉरोसिस’ या आनुवंशिक दृष्टिपटलविकाराची असू शकतात. सुरुवातीला दृष्टिपटल वरवर निरोगी दिसू शकते. म्हणून टॉर्चची तपासणी पुरत नाही, ईआरजी (दृष्टिपटलाचा विद्युत प्रतिसाद मोजणारी चाचणी) करावी लागते.

बहुतेकदा आई-वडील दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात आणि प्रत्येक अपत्याला २५ टक्के धोका असतो. मामे-आते भावंडांच्या लग्नांत, जी आपल्याकडे अजून होतात, तो संभव वाढतो. एकट्या सुनेला बोल लावणे हा निव्वळ अन्याय आहे.

हा विकार घडवणाऱ्या जनुकांपैकी ‘आरपीई६५’ या एका जनुकातील दोषावर अमेरिकेने डिसेंबर २०१७ मध्ये लक्सटर्ना हा जनुकोपचार मंजूर केला. तिथे दोन्ही डोळ्यांच्या उपचाराची किंमत ठरली साडेआठ लाख डॉलर! शिवाय दृष्टिपटलाच्या पुरेशा पेशी जिवंत असतील तरच त्याचा उपयोग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अशा प्रत्येक बाळाची ईआरजी आणि जनुकचाचणी मोफत झालीच पाहिजे. पालकांनीही नेत्रतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नये.