विमान उतरलं, पुढे काय?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या शेवटच्या टप्प्याचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून आरे ते कफ परेड अशी सलग गाडी धावू लागली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं. बातम्या आल्या त्या बोगद्याच्या लांबीच्या, ३७ हजार कोटींहून जास्त झालेल्या खर्चाच्या आणि श्रेय कोणाचं या नेहमीच्या भांडणाच्या. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट मात्र एका ओळीत उरकली गेली. मुंबई विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलना आता स्वतःचं मेट्रो स्टेशन आहे आणि तिथून गाडी न बदलता थेट दादर, सीएसएमटी, चर्चगेटपर्यंत जाता येतं.

'आम्ही तालुक्याच्या गावातल्या बायका, आम्हाला काय करायचंय मुंबईच्या मेट्रोशी?' असं कुणी म्हणेल. पण मैत्रिणींनो, विमान आता फक्त मोठ्या शहरातल्या साहेबांचं राहिलेलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये 'उडान' योजनेतली अगदी पहिली विमानं सुटली, त्यातलं एक नांदेडहून हैदराबादला गेलं. कोल्हापूर, जळगावच्या धावपट्ट्यांवरही विमानं उतरू लागली. त्यात आपल्यातल्या बायका असतात. कुणाला लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जायचं असतं आणि त्यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटमध्ये व्हिसाची मुलाखत द्यायची असते. कुणी आईचे रिपोर्ट घेऊन परळच्या टाटा हॉस्पिटलला निघालेली असते. कुणा मुलीची नोकरीची मुलाखत सकाळी दहाला फोर्टात असते. मुंबईतल्या मावशीच्या वन रूम किचनमध्ये आता कुणी कुणाला गृहीत धरत नाही, त्यामुळे एका रात्रीसाठी हॉटेल बघावं लागतं. विमानाचं तिकीट मुलगा फोनवरून काढून देतो. हॉटेलचंही बुकिंग तोच करतो. मधला तुकडा, म्हणजे विमानतळाच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचा, तेवढा कुणीच काढून देत नाही.

आजवर हा तुकडा कसा पार पडायचा? सहारच्या टर्मिनलवरून रिक्षाने नाहीतर बसने अंधेरी स्टेशन, तिथून लोकल. सकाळच्या वेळी हातात मोठी बॅग घेऊन अंधेरीला चर्चगेट लोकलमध्ये शिरणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी केलं नाही त्यांनी करू नये. २०१४ च्या जूनमध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली. तिच्या एका स्टेशनचं नाव 'एअरपोर्ट रोड'! नाव वाचून उतरावं तर टर्मिनल सामान घेऊन चालत जाण्याच्या पल्ल्यात नाही. सरळ रिक्षा करून फोर्टला जावं तर तेही नाही. मुंबईत रिक्षा माहीम आणि सायनच्या पुढे जातच नाही, हे बाहेरगावच्या माणसाला रिक्षात बसल्यावर कळतं. मग उरते टॅक्सी. ती ज्यांना परवडते त्यांचा प्रश्न नव्हताच.

पण खरा हिशोब टॅक्सीच्या भाड्याचाही नाही. तो 'सोबती'चा आहे. आपल्या घरांमध्ये बाईला एकटीने परगावी जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'तिथे उतरल्यावर जाणार कशी?' याचं उत्तर नसलं की दुसरं वाक्य ठरलेलं: 'थांब, मी येतो बरोबर.' प्रेमानेच म्हटलेलं असतं ते, नाही असं नाही. पण त्या एका वाक्याने विमानाची दोन तिकिटं होतात, भाऊ किंवा नवरा दोन दिवसांची रजा टाकतो आणि रजा मिळाली नाही तर जाणंच रद्द होतं. पगार बरा असला तरी 'मुंबईची मुलाखत नको, इथेच काहीतरी बघ' असं ऐकलेल्या मुली प्रत्येक गावात आहेत. त्यांचं जे गेलं ते कुठल्याही बजेटमध्ये दिसत नाही.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. गिरिजा बोरकर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींचा अभ्यास केला होता. मुली वाटेतल्या छेडछाडीच्या भीतीने चांगलं कॉलेज सोडून कमी दर्जाचं कॉलेज पत्करतात आणि जास्त सुरक्षित वाटणाऱ्या मार्गासाठी मुलांपेक्षा वर्षाला सुमारे १८,८०० रुपये जास्त मोजायला तयार असतात, असं त्यांना आढळलं. भीतीचा हा भुर्दंड फक्त बाईच भरते. घरून निघताना कुणी मुलाला विचारत नाही, 'उतरल्यावर जाशील कसा?'

आणि भीती उगाच नाही. जानेवारी २०१४ मध्ये आंध्र प्रदेशातून आलेली एक तरुण इंजिनिअर पहाटे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर उतरली. तिला अंधेरीच्या वसतिगृहात जायचं होतं. ती पोचलीच नाही. काही दिवसांनी तिचा मृतदेह पूर्व द्रुतगती महामार्गाजवळ सापडला. त्या खटल्यात फाशी झालेल्या आरोपीची सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये निर्दोष सुटका केली. म्हणजे त्या पहाटे काय झालं याचं उत्तर अकरा वर्षांनीही तिच्या आईवडिलांच्या हातात नाही. शेकडो किलोमीटर रेल्वेने सुखरूप आलेली मुलगी शहराच्या आतल्या शेवटच्या तुकड्यात हरवली. विमानतळ झगझगीत असतो, टर्मिनस कळकट, पण तिथून बाहेर पडल्यावरचा प्रश्न तोच.

म्हणून मला या मेट्रोचं मोल वाटतं. तिकीट कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ७० रुपये. मीटर नाही, घासाघीस नाही, 'मॅडम, ट्रॅफिक आहे, वरून जाऊ' नाही. स्टेशनवर गणवेशातली माणसं, कॅमेरे, सरकते जिने, लिफ्ट. हे काम बराच काळ एका बाईच्या, अश्विनी भिडे यांच्या हाताखाली झालं याचाही आनंद आहे. पण कौतुक करून थांबता येत नाही, कारण दोन गोष्टी राहिल्याच आहेत.

एक म्हणजे वेळ. पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हाच्या वेळापत्रकात पहिली गाडी सकाळी सहाच्या जरा आधी आणि शेवटची रात्री साडेदहाला होती. आता विमानं कधी उतरतात बघा. आखातातून, युरोपातून येणारी कितीतरी विमानं मध्यरात्रीनंतर. देशातलं सगळ्यात स्वस्त तिकीट बरेचदा रात्री उशिराचं किंवा भल्या पहाटेचं. म्हणजे जी बाई पैसे वाचवायला अडनिड्या वेळेचं विमान घेते, तिलाच मेट्रो मिळत नाही आणि टॅक्सी करावी लागते! वाचवलेले पैसे गेले टॅक्सीत. रात्रभर मेट्रो चालवा असं कुणी म्हणत नाही, रुळांची देखभाल रात्रीच करायची असते हे आपल्यालाही कळतं. पण मेट्रो बंद झाल्यावर त्याच मार्गावरून तासाला एक बस सोडायला बोगदा खणावा लागत नाही.

बंगलोरने हे फार आधी केलंय. २००८ च्या मे महिन्यात तिथला विमानतळ शहरापासून पस्तीसेक किलोमीटर लांब देवनहळ्ळीला गेला. मेट्रो तेव्हा शहरातसुद्धा नव्हती. मग तिथल्या शहर बससेवेने 'वायू वज्र' नावाच्या वातानुकूलित बस टर्मिनलच्या दारातून सोडल्या, काही मार्गांवर रात्रीही. बसमध्ये ड्रायव्हर, कंडक्टर आणि आणखी पंधरा-वीस प्रवासी असतात. एकट्या बाईला हे टॅक्सीतल्या एकांतापेक्षा केव्हाही बरं. मात्र कर्नाटकाने जून २०२३ मध्ये बायकांना बसप्रवास मोफत केला तो साध्या बसमध्ये. एसी बस त्यातून वगळल्या. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, अगदी शिवनेरीतसुद्धा. दादरहून पुण्याला अर्ध्या तिकिटात जाणारी बाई विमानतळावरून दादरला मात्र पूर्ण पैसे देऊन येते. सवलत कुठल्या खात्याची बस आहे त्यावर ठरते, बाईच्या गरजेवर नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची. मेट्रोतून वर आल्यावर पुढे काय? फोर्टचा भाग दिवसा माणसांनी ओसंडतो आणि ऑफिसं सुटली की ओस पडतो. रविवारी तर दुपारीही शुकशुकाट. तिथे हॉटेल कागदावर 'स्टेशनपासून पाच मिनिटं' असतं. ती पाच मिनिटं उखडलेल्या फुटपाथवरून चाकांची बॅग ओढत, बंद शटरांसमोरून जायची असतात. जिन्यापर्यंत जबाबदारी मेट्रोची, फुटपाथ आणि दिवे महापालिकेचे, गस्त पोलिसांची. तिघांच्या मधे उभी असते ती बाई. आणि इतकं करून हॉटेलात पोचली तर काउंटरवरचा माणूस तिच्या खांद्यावरून मागे बघत विचारतो, 'बरोबर कोण आहे?'

ज्यांना लवकरच जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. हॉटेल ठरवताना खोलीचे फोटो नंतर बघा, आधी फोन करून विचारा की कुठल्या मेट्रो स्टेशनच्या कुठल्या बाजूला वर यायचं आणि रात्री नऊला तिथली दुकानं उघडी असतात का. दादर, गिरगावसारखी वस्तीची जागा उशिरा पोचणाऱ्या बाईला फोर्टपेक्षा सोयीची. एकटीला खोली देता ना, हेही फोनवरच स्पष्ट विचारून घ्या. ही मेट्रो सुरू झाली तेव्हा जमिनीखाली मोबाईलला रेंज नाही अशी ओरड होती, तेव्हा तिकीट वरच काढा आणि हॉटेलचा पत्ता व फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. व्हिसाच्या कामाला जाणाऱ्यांनी बीकेसी स्टेशनला उतरायचं. टॅक्सी करावीच लागली तर टर्मिनलमधल्या प्रीपेड काउंटरवरून पावती घेऊन करा, आत येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' विचारणाऱ्याबरोबर जाऊ नका.

आता नवी मुंबईचा विमानतळही आला. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली, तेव्हा त्याच्या दारात मेट्रो नव्हती. मुंबईच्या टर्मिनलला मेट्रो मिळायला किती वर्षं गेली ते आपण पाहिलं. नव्या विमानतळाच्या धावपट्ट्यांवर, टर्मिनलच्या कमळासारख्या आकारावर भरपूर लिहून आलं. रात्रीचं शेवटचं विमान किती वाजता उतरतं आणि शेवटची बस किती वाजता सुटते, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले माझ्या तरी अजून वाचनात आलेले नाहीत. आपल्या भागातल्या खासदारबाई, आमदारबाई भेटल्या तर त्यांना एवढंच विचारा.