गहू धुतला, तरीही

यंदाचा अंक मुलांसाठी, आणि विषय वैद्यकाचा इतिहास. सुश्रुत, जेन्नर, पाश्चर आतल्या पानांवर भेटतीलच. मला मात्र सुरुवात आपल्या घाटाखालून करायची आहे, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, काळवड, हिंगण्यापासून.

२०२४ च्या डिसेंबरअखेर तिथे लोकांचे केस गळू लागले. आधी डोकं खाजायचं, मग हात फिरवला की पुंजके हातात यायचे, तीन-चार दिवसांत टक्कल. त्यात शाळकरी मुलंही होती. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी बुरशीला, कुणी खारपाण पट्ट्यातल्या पाण्याला. ‘टक्कल व्हायरस’ असं नावसुद्धा पडलं. नाव मिळालं की माणसं शोध थांबवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर मात्र थांबले नाहीत. ते मूळचे आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातले. तरुणपणी कोकणात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी बारीकसारीक लक्षणं टिपली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी लाल विंचवाच्या विषावर वापरून असंख्य जीव वाचवले. सत्तरी ओलांडल्यावर तेच या गावांत आले. रक्त, लघवी, केस तपासून घेतले, आणि घरातला गहूही. सगळीकडे सेलेनियम प्रमाणाबाहेर, जस्त मात्र कमी. रेशनवर आलेल्या गव्हात सेलेनियम इथल्या गव्हापेक्षा कितीतरी पट जास्त असल्याचं त्यांनी सांगितलं.

मुलांनो, सेलेनियम शरीराला लागतं, पण अगदी कणभर. जास्त झालं की केस आणि नखं तुटतात. त्या तपासणीत धुतलेल्या आणि न धुतलेल्या गव्हात ते जवळपास सारखंच निघालं. म्हणजे ते दाण्यावर बसलेलं नव्हतं. ज्या मातीत रोप वाढलं, तिथून मुळांवाटे ते दाण्याच्या आत गेलं होतं. आईने कितीही निगुतीने गहू धुतला असता, तरी काही उपयोग नव्हता.

१८५४ साली लंडनमध्ये पटकी पसरली, तेव्हा लोक दूषित हवेला दोष देत होते. जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघर एकच विचारत फिरला: पाणी कुठल्या पंपाचं? आपल्याकडे प्रश्न होता, पोळी कुठल्या गव्हाची?

केस पुन्हा उगवू लागले, तोवर एप्रिलमध्ये त्याच भागात काहींची नखं गळाली. हे ज्यांनी सोसलं, त्या मुलांच्या शाळांना या अंकाचे पहिले गठ्ठे जात आहेत.