दुर्मिळ काय: माती की कसब?

पाटणकर बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात परवा कारागीर एक मेलेली हार्ड डिस्क उघडत होता. झाकण निघाले, आरशासारखी तबकडी निघाली, आणि कोपऱ्यातून चंद्रकोरीसारखी दोन चकचकीत चुंबके बाहेर आली. मी एकाजवळ पेचकस नेला, तर तो हातातून ओढलाच गेला. "काका, बोट सांभाळा, चिमटा बसतो," कारागीर म्हणाला. मग त्याने तांब्याची तार काढून जपून वेगळी ठेवली आणि दोन्ही चुंबके लोखंडाच्या भंगारात टाकून दिली.

शेजारच्या स्टुलावर एक ओळखीचे गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "ही दुर्मिळ मृदा म्हणजे क्षेपणास्त्रांचा मामला. आपल्या देशात ती नाही, चीनकडे आहे. आपण सामान्य माणसांनी तिची काळजी कशाला करायची?" ज्या वस्तूबद्दल ते बोलत होते, ती त्याच क्षणी त्यांच्या पायाजवळच्या डब्यात पडली होती.

त्यांच्या बोलण्यात तीन समज आहेत आणि तिन्ही चुकीचे आहेत. ते त्यांच्या एकट्याचे नाहीत, म्हणून हा लेख.

पहिला समज नावातच आहे: दुर्मिळ. ही एकूण 17 मूलद्रव्ये. लॅन्थॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची पंधरा, शिवाय स्कँडियम आणि यट्रियम. 1787 मध्ये स्वीडनमधल्या इटरबी गावाजवळच्या खाणीत एक काळा दगड सापडला आणि ही कथा सुरू झाली. तेव्हा असे दगड क्वचित मिळत, म्हणून 'दुर्मिळ'. आणि आगीला दाद न देणाऱ्या ऑक्साइडांना त्या काळी 'माती' म्हणत, म्हणून 'मृदा'. आज दोन्ही शब्द खोटे ठरले आहेत. सिरियम भूकवचात साधारण तांब्याइतके आहे. किरणोत्सारी प्रोमेथियम सोडले, तर यांतली सर्वांत विरळ मूलद्रव्येही चांदीहून अधिक आहेत. भारताच्या मोनाझाइट वाळूतच या ऑक्साइडांचा साठा सुमारे 72 लाख टन मोजला गेला आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ही म्हण इथे उलटी करावी लागते.

दुसरा समज: हा मामला क्षेपणास्त्रांचा. क्षेपणास्त्रांना ती लागतातच, पण त्यासाठी लष्कराच्या दारात जायला नको. एखादा एलईडी बल्ब विझवून त्याची टोपी काढा. आत पिवळे ठिपके दिसतात. मूळ प्रकाश निळा असतो. सिरियम मिसळलेला यट्रियमचा पिवळा लेप त्याला पांढरा करतो. कानातल्या इयरफोनमध्ये निओडायमियमचे चुंबक असते. चष्म्याच्या काचेला शेवटची झिलई सिरियम ऑक्साइडने येते. विडी पेटवायच्या लायटरमधली ठिणगी सिरियम-लोखंडाच्या खड्याची असते (स्वयंपाकघरातल्या लायटरची नव्हे). स्कूटरमधल्या पेट्रोलचा बराच भाग तेलशुद्धीकरण कारखान्यात लॅन्थॅनमयुक्त उत्प्रेरकावरून आलेला असतो. मात्र अतिशयोक्तीही नको. कमी विजेवर चालणाऱ्या प्रत्येक पंख्यात निओडायमियम असते, असे सांगणारा विक्रेताही चूकच. पुष्कळ पंख्यांत साधे फेराइट चुंबक असते.

आणि ही ओळख आजची नाही. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणारी गॅसबत्ती आठवा. तिचे मेंटल ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखने 1891 मध्ये सिद्ध केले: 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड. त्या थोरियमच्या शोधात शोमबर्ग हा जर्मन 1909 मध्ये त्रावणकोरच्या किनाऱ्यावर पोचला आणि तिथली मोनाझाइट वाळू जहाजांतून परदेशी जाऊ लागली. वाळू आपली, मेंटल त्यांचे.

तिसरा समज सर्वांत घातक: आपल्याकडे नाही, किंवा असलीच तर खाण काढली की भागले. इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी 1950 ची. केरळात आलुव्याला तिचा कारखाना 1952 मध्ये सुरू झाला. म्हणजे वाळूही होती आणि सुरुवातही झाली होती. अडले ते पुढच्या पायरीवर. ही भावंडे रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी, की एकाच लग्नात सतरा जणांनी शिंदेशाही पगडी घातली तर पाठीमागून कोण कोण ते कळू नये. त्यांना वेगळे करायला द्रावकांतून शेकडो वेळा गाळावे लागते. मग धातू, मग मिश्रधातू, मग चुंबक. जगातले सुमारे 90 टक्के शुद्धीकरण चीनमध्ये होते, ते खाणींच्या जोरावर नव्हे, या चिवट कसबाच्या जोरावर.

हे कसब आपल्याकडे नसल्याची किंमत पुण्याने मोजली. 4 एप्रिल 2025 रोजी चीनने सात मूलद्रव्ये आणि त्यांची चुंबके यांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. तापलेल्या मोटारीत चुंबकाची ताकद टिकवणारे डिस्प्रोशियम त्या यादीत होते. त्या जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या चेतकचे उत्पादन घटवावे लागले आणि ऑगस्टमध्ये एकही गाडी निघणार नाही, अशी भीती कंपनीने बोलून दाखवली. काही ग्रॅमच्या तुकड्यांनी अख्खी स्कूटर अडवली.

यावर कोणी म्हणेल, हा उद्योग घाण आहे, तो चीनकडेच राहू दे. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. मोनाझाइटमध्ये थोरियम असते, गाळणीला आम्ले लागतात, आणि चीनमधल्या बाओटौजवळचे गाळाचे तळे जगाने पाहिले आहे. पण घाण शेजाऱ्याच्या अंगणात टाकून आपले घर स्वच्छ म्हणवणे हा शहाणपणा नव्हे. कडक नियमांखाली, आपल्या डोळ्यांसमोर काम करणे हाच त्याला उपाय.

तेव्हा माझे म्हणणे असे: टंचाई कसबाची आहे आणि कसब सरावाने येते. सुरुवात झाली आहे. विशाखापट्टणमचा चुंबक कारखाना 2023 मध्ये राष्ट्राला अर्पण झाला. त्याची क्षमता वर्षाला तीन टन. भोपाळला इंडियन रेअर अर्थ्सने तंत्र शिकवणारे पार्क उभे केले. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने वर्षाला 6,000 टन चुंबकांसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. तीन टनांपासून सहा हजारांपर्यंतचे अंतर पैशाने निम्मे कापले जाईल. उरलेले हातांनी कापायचे आहे.

आणि ते हात पाटणकर बाजारातही आहेत. त्या चंद्रकोरीत सुमारे 30 टक्के वजन निओडायमियमसारख्या धातूंचे असते. पण ती लोखंडाला चिकटून भट्टीत जाते आणि तिथल्या मळीत कायमची हरवते. ज्या कारागिराला ती अखंड काढता येते, त्याच्याकडून ती विकत घेणारा कोणी नाही. सप्टेंबर 2025 मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी 1,500 कोटी मंजूर झाले. त्यातले थोडे तरी या गल्लीतल्या काउंटरपर्यंत पोचवा. तांब्याला भाव आहे, म्हणून तांबे कचऱ्यात जात नाही. चुंबकाला भाव द्या, तेही जाणार नाही.