समजतं, पण बोलत नाही

मांजरसुंब्याच्या फाट्यावर थांबलो की मी रबडी घेतो, हे वाचकांना पाठ आहे; फक्त आमच्या डॉक्टरांना नाही. या आठवड्यात मात्र ती गोड लागली नाही. शेजारी अमेरिकेहून आलेलं कुटुंब बसलं होतं. आज्ज्यानं नातवाला विचारलं, “काय रं लेकरा, पोटभर जेवलास का?” पोरगं बापाकडं बघायला लागलं. बापानं इंग्रजीत सांगितलं, पोरानं इंग्रजीत उत्तर दिलं, बापानं ते मराठीत आज्ज्याला पोचवलं. सख्ख्या आज्ज्या-नातवात दुभाषी! वर बाप म्हणतो, “समजतं सगळं, फक्त बोलत नाही.” हे वाक्य परदेशातून येणाऱ्या प्रत्येक बॅगेत असतंच.

शास्त्राचं थोडक्यात सांगतो. 1984 साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं, की इंग्रजी घरातलं सहा-आठ महिन्यांचं बाळ हिंदीतला त आणि ट वेगळे ओळखतं; वर्षाचं होईतो ती ओळख जवळपास जाते. कोरियातून 3 ते 8 वर्षांच्या वयात फ्रान्सला दत्तक गेलेल्यांना मोठेपणी तपासलं, तर कोरियन त्यांना कुठल्याही परक्या भाषेसारखीच वाटली.

कानावर पडायची थांबली की भाषा जाते, आमच्या बीडकरांना हे कळायला फ्रान्स कशाला? दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. सांभाळायला मागं कुणी नसलं की लेकरंही जातात. असंच एक पोरगं हंगाम संपून पट्टा पडल्यावर बेळगावकडून परत आलं. गोट्या मोजायचं ते ओंदु, एरडु, मूरु करत. चिडलं की भांडायचंही कन्नडमध्ये. शिकवायला कुणी नव्हतं, खेळायला पोरं होती, एवढंच. पोळ्यापर्यंत सगळं विसरलं. पण त्याला दोन भाषा येत होत्या, याचं कौतुक कुणी केलं? शाळा बुडवून आलं, हेच ऐकलं त्यानं. अमेरिकेतल्या नातवाला मात्र एकच येते, आणि फाट्यावरचं निम्मं हॉटेल त्याच्याकडं कौतुकानं बघतंय. रबडी पातळ होती ती वेगळीच.

तंजावरात व्यंकोजीराजांच्या काळात गेलेल्यांच्या वंशजांकडं साडेतीनशे वर्षांनंतरही मराठी बोलतात, चारी बाजूंनी तमिळ असताना. तेव्हा परमुलुखाला बोल लावू नका. घरात लेकराशी तुम्ही कशात बोलता, ते बघा.

सुट्टीला गावी आलाच आहात, तर लेकरू महिनाभर आज्जा-आजीकडं ठेवा. गल्लीतल्या पोरांत सोडा. आणि तुम्ही दोघं तेवढं मधे बोलू नका.